गायन-वादन स्पर्धांचं परीक्षण करायचंय? खान्देशातल्या नव्या परीक्षकांसाठी

पहिल्यांदा परीक्षक म्हणून बसले तेव्हा मी फक्त आकडे लिहिले. तालुक्याच्या गावी शाळेत देशभक्तिपर गीतांची स्पर्धा होती. अठ्ठावीस मुलं, सकाळी नऊपासून दुपारी दीडपर्यंत. निकाल लागला, शाल-श्रीफळ झालं, आणि बाहेर पायऱ्यांवर एका आईने अडवलं. "मॅडम, मन्हा पोरना नंबर का बरं नही उना?" बाई भांडायला आली नव्हती, खरंच विचारत होती. मी पर्समधून कागद काढला. मुलाच्या नावापुढे 61 होते. 61च का, 58 किंवा 67 का नाही, ते मला सांगता येईना. मुलगा काय गायला तेसुद्धा आठवेना. "पुढच्या वेळी येईल हो," असं काहीतरी पुटपुटून मी एसटी स्टँड गाठलं.

तेव्हापासून जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत बऱ्याच टेबलांमागे बसून झालं. आता क्लासमधली मुलं-मुली विचारतात, "ताई, विशारद झाली, परीक्षक व्हायला काय करायचं?" त्यांना तुकड्यातुकड्याने सांगत आले, ते इथे एकत्र लिहिते.

आधी पोटाचं

नुसत्या परीक्षणावर घर चालत नाही. माझ्या ओळखीतल्या एकाही परीक्षकाचं चालत नाही. कोणी कॉलेजात शिकवतं, कोणाचा क्लास आहे, कोणी साथीला जातं, कोणी आकाशवाणीचा कलाकार आहे. परीक्षण या सगळ्याच्या कडेने चालतं. हंगामही ठरलेला. 15 ऑगस्टपासून देशभक्तिगीतं सुरू होतात, मग गणेशोत्सव, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई (मुलींची फेर धरून म्हणायची लोकगीतं), डिसेंबर-जानेवारीत शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलनं आणि 26 जानेवारी. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळच्या उन्हात कोणी स्पर्धा ठेवत नाही. ते दोन महिने स्वतःच्या रियाजाचे समजा.

मानधनाचा आकडा आयोजकागणिक बदलतो. गल्लीतल्या मंडळाकडून शाल, नारळ आणि पेट्रोलचे पैसे मिळाले तरी सुरुवातीला पुष्कळ. विद्यापीठाचं मानधन नियमाप्रमाणे, पण बिल भरून बँकेत जमा होतं आणि त्याला वेळ लागतो. पॅन कार्ड आणि पासबुकाची झेरॉक्स पिशवीत कायम ठेवा, परतीचं तिकीट फेकू नका.

कागद आणि कान

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद किंवा अलंकार, विद्यापीठाची संगीतातली पदवी, आकाशवाणीची श्रेणी, यातलं काहीतरी हाताशी असलेलं बरं. आयोजकाला पत्रिकेत नावापुढे छापायला काहीतरी लागतं, एवढं त्याचं साधं कारण. पण या परीक्षांत तुम्ही गाता आणि दुसरा ऐकतो. तीस जणांना सलग ऐकून तिसाव्यालाही पहिल्याइतकाच न्याय द्यायचा, हे त्यात कोणी शिकवत नाही.

ते शिकायची एक फुकट जागा आहे, प्रेक्षागृहातली मागची रांग. जळगावला, धुळ्याला, अमळनेरला जिथे स्पर्धा असेल तिथे वही घेऊन जा. प्रत्येकाला गुण द्या, शेजारी एक ओळ लिहा, निकालाआधी स्वतःचे पहिले तीन ठरवा. मग जाहीर निकालाशी ताडून पाहा. जुळला नाही तर लगेच परीक्षकाला नावं ठेवू नका. तुमची ती ओळ वाचा. तिच्यात पटण्यासारखं कारण असेल तर तुमचा कान ठीक आहे. "आवडलं नाही" एवढंच असेल तर अजून मागच्या रांगेतच बसा. मी हे पहिल्या परीक्षणानंतर केलं. उलटा क्रम झाला, पण केलं.

इंग्लंडमध्ये या कामाला रीतसर व्यवसायाचं रूप आहे. मेरी वेकफिल्ड या गायिकेने 1885 मध्ये केंडल गावाजवळ गाण्याची स्पर्धा सुरू केली, त्यातून गावोगावी स्पर्धा-महोत्सव निघाले आणि 1921 मध्ये त्यांचा महासंघ झाला. तिथे परीक्षकांची यादी असते. परीक्षक प्रत्येक स्पर्धकाला लेखी अभिप्राय देतो आणि मंचावरून सगळ्यांसमोर बोलतोही. आपल्याकडे अशी यादी कुठल्या कार्यालयात सापडायची नाही. ती तबलजीच्या मोबाईलमध्ये असते.

हे गमतीने म्हणत नाही. आयोजक आधी साथीदार ठरवतो, आणि मग त्यालाच विचारतो, "सर, परीक्षक कोणी सुचवा ना." म्हणून पेटी-तबल्यावरच्या माणसांशी सलोखा ठेवा. बारा तास बसून शंभर जणांना साथ करणारा तो माणूस तुमचं वागणं बघत असतो. तुम्ही डुलक्या घेतल्या, फोनवर बोललात, चहाला गेलात आणि परत येऊन न ऐकलेल्या मुलाला गुण दिलेत, तर ते पुढच्या तालुक्याला तुमच्या आधी पोचतं.

फोन आला की विचारायचं

लगेच हो म्हणू नका. गट कोणते, वयोगट काय, स्पर्धक किती, एकाला वेळ किती, परीक्षक किती जण? चित्रपटगीत चालतं का? साथ आयोजकाची की स्पर्धकाची? करावकेवर गाणार असतील तर तेही आधी कळू द्या, कारण ट्रॅकवर गाणाऱ्याला आणि जिवंत साथीवर गाणाऱ्याला एका गटात तोलता येत नाही. नियमपत्रक व्हॉट्सअॅपवर मागवा. मानधन आणि प्रवासखर्चही त्याच मेसेजमध्ये लिहून घ्या. लाज वाटते, मलाही वाटायची. एकदा चाळीसगावच्या बाजूला दोन दिवस बसून आले आणि हातात फक्त ट्रॉफी पडली. तेव्हापासून लाज गेली.

बायकांनी आणखी एक विचारावं, निकाल किती वाजता लागेल आणि परतीच्या गाडीची सोय काय. गणपतीतल्या स्पर्धा रात्री अकराला संपतात आणि त्या वेळी धुळ्याहून निघणारी शेवटची एसटी कोणासाठी थांबत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्पर्धकांची यादी. खान्देशात गाणारं वर्तुळ लहान आहे, कोणी ना कोणी तुमच्या क्लासचं निघणारच. माझा नियम असा: गेल्या दोन-तीन वर्षांत जो माझ्याकडे नियमित शिकला, त्याच्या गटात मी गुण देत नाही आणि तसं आयोजकाला लेखी कळवते. एखाद्या शिबिरात भेटलेला असेल तर फक्त सांगून ठेवते. वॉर्साच्या शोपँ पियानो स्पर्धेतही परीक्षक स्वतःच्या विद्यार्थ्याला गुण देत नाही. एवढ्या मोठ्या ठिकाणी हे चालतं, तर तालुक्याच्या स्पर्धेत "काही होत नाही हो मॅडम" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

टेबलावर बसल्यावर

अर्धा तास आधी पोचा. स्पीकरच्या अगदी समोर बसू नका, तिथे सगळेच सुरेल वाटतात. साउंडवाल्याला सांगा की पहिल्या स्पर्धकासाठी जी सेटिंग असेल तीच शेवटपर्यंत ठेव, रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) कमी कर. मग सहपरीक्षकांशी दहा मिनिटं बोला. सूर, ताल-लय, रागशुद्धी किंवा गीताची निवड, शब्दोच्चार, सादरीकरण, कशाला किती गुण ते ठरवा. आणि गुण कुठून कुठपर्यंत द्यायचे, तेही ठरवा. हे जवळजवळ कोणीच करत नाही, आणि निकाल इथेच बिघडतो.

उदाहरण घ्या. तीन परीक्षक, दोन स्पर्धक. पहिला परीक्षक एकाला 72 आणि दुसरीला 70 देतो. दुसरा 74 आणि 71. म्हणजे दोघांच्या मते मुलगा वरचढ. तिसरा मात्र हात सैल सोडून मुलाला 60 आणि मुलीला 80 देतो. बेरीज करा, मुलगा 206, मुलगी 221. तिघांपैकी दोघांना जो बरा वाटला तो हरला, कारण तिसऱ्याच्या गुणांत वीसचं अंतर आणि पहिल्या दोघांत दोन-तीनचं. इथे लबाडी कोणीच केलेली नाही.

2015 च्या शोपँ स्पर्धेत असंच झालं. अंतिम फेरीत एका परीक्षकाने सोंग-जिन चो या पियानोवादकाला दहापैकी एक गुण दिला, बाकीच्या बहुतेकांनी नऊ-दहा. तो तरीही पहिला आला, कारण परीक्षक डझनाहून जास्त होते, त्यात तो एकटा आकडा बुडून गेला. आपल्याकडे टेबलावर तिघं, कधी दोघंच. एकाचा एक गुण म्हणजे मुलाचं वर्ष गेलं.

यावर दोन उपाय मी वापरते. एक, सर्वांनी 50 ते 90 च्या मधेच राहायचं असं आधीच ठरवणं. दोन, शेवटी गुणांची बेरीज करायच्या आधी प्रत्येकाने आपापले पहिले पाच क्रम लिहायचे आणि ते शेजारी ठेवायचे. क्रम जुळले तर बेरीज बघायचीही गरज पडत नाही. नाही जुळले, तर बोलायचं. गरज पडली तर त्या दोघांना पुन्हा दोन मिनिटं गायला बोलवायचं.

पहिल्या स्पर्धकाचं नशीब नेहमी वाईट. पुढचं काय येणार ते ठाऊक नसल्याने आपण हात आखडून गुण देतो. बेल्जियमच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेच्या निकालांचा अभ्यास झाला, तेव्हाही नंतर वाजवणाऱ्यांना वरचे क्रम मिळाल्याचं दिसलं. म्हणून पहिल्या चार-पाच जणांचे गुण पेन्सिलने लिहा आणि दहाव्या स्पर्धकानंतर मागे जाऊन पाहा. पण मागे जाऊन पाहायचं तर समोर काहीतरी लिहिलेलं हवं.

शेऱ्याचा रकाना

गुणपत्रकात उजवीकडे "शेरा" नावाची एक चिंचोळी जागा असते. बहुतेकांची ती कोरी जाते किंवा तिथे "छान", "प्रयत्न चांगला", "अजून मेहनत हवी" असलं काहीतरी पडतं. अशा कागदाला निकालानंतर काहीच अर्थ उरत नाही. परीक्षक म्हणून तुमचं नाव व्हायचं असेल तर ते इथेच होतं, आकड्यांवर नाही.

माझी पद्धत साधी आहे. एक ओळ काय जमलं त्याची, एक ओळ काय निसटलं त्याची, आणि जागा उरली तर घरी काय करायचं त्याची. "भूप गाताना वारंवार धैवतावर थांबलास, त्यामुळे देशकाराची छाया आली. गंधारावर न्यास कर, म्हणजे तिथे विसाव." दोन्ही रागांत सूर तेच, सा रे ग प ध, पण वजन कुठे पडतं त्यावर राग ठरतो. ही ओळ मुलाच्या गुरूने वाचली तर त्यालाही कळतं की टेबलामागचा माणूस ऐकत होता. सुगमला, "अंतऱ्यात श्वास शब्दाच्या मधोमध तुटतो, ओळ बोलून बघ." तबल्याला, "कायदा स्वच्छ, पण रेल्यात लय चढली आणि तिरकिट पुसट झालं. लेहरा लावून बरोबरीत रोज दहा मिनिटं." (कायदा आणि रेला हे तबल्याच्या रचनांचे प्रकार, तिरकिट हे बोल, लेहरा म्हणजे तालाची आवर्तनं दाखवणारी सुरावट.)

बारा ते पंधरा वयाच्या मुलांचे आवाज फुटत असतात. गेल्या वर्षी काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून) गाऊन बक्षीस घेतलेला मुलगा यंदा तीच पट्टी धरतो आणि वरच्या षड्जाला आवाज फाटतो. त्याला "बेसूर" लिहिलंत तर तो गाणं सोडेल, मी सोडलेले पाहिले आहेत. "आवाज बदलतोय, पट्टी काळी एक-दोनपर्यंत उतरवून गा, वर्षभर जोर लावू नकोस" असं लिहा. गुण जे मिळतील ते मिळतील.

लिहायला वेळ कुठे असतो? पुढचा स्पर्धक तबला जुळवत असतो तेवढा, दीड-दोन मिनिटं. पुरतो. मी खुणा ठरवून घेतल्या आहेत, सूर खाली गेला की खाली रेघ, लय पळाली की बाण, सम (तालाची पहिली मात्रा) चुकली की फुली. मागून त्याची ओळ करते.

शास्त्रीयवाल्यांनी लोकगीताच्या गटात जरा सांभाळून. कानबाई या खान्देशी देवीची गाणी, भुलाबाई, डफावरचं वहीगायन, नंदुरबारकडचं पावरी हे फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य आणि ढोल, इथे आपला तानपुऱ्याचा मापदंड चालत नाही. खडा, उघडा आवाज हाच तिथला आवाज. बोलीचंही तसंच. धुळे, साक्री, अमळनेरकडची अहिराणी वेगळी आणि भुसावळ, यावल, रावेरकडची लेवा गणबोली वेगळी. बहिणाबाईंच्या ओव्यांना मंचावरून सरसकट अहिराणी म्हणणाऱ्या परीक्षकाला मागच्या रांगेतल्या आजीने "नही बाबा, ती तशी नही" म्हणून टोकलेलं मी ऐकलंय. ज्या प्रकाराची माहिती नाही त्यासाठी आयोजकाकडे जाणकार सहपरीक्षक मागा. मी मागते, त्याने माझी पत गेली नाही.

निकालाआधीचं कुजबुजणं

कोणीतरी चहाचा कप ठेवता ठेवता वाकेल. "मॅडम, आपल्या भाऊंची नात आहे, जरा बघा." मी म्हणते, "बघते की, सगळ्यांनाच बघायला बसलेय." हसून म्हणायचं. आवाज चढवलात तर तुम्ही भांडखोर ठरता आणि तो बिचारा निरोप्या असतो.

सहपरीक्षकाशी पटलं नाही तरी मंचावर ते दिसू नये. 1980 मध्ये जगप्रसिद्ध पियानोवादक मार्था आर्गेरिच शोपँ स्पर्धेचं परीक्षकपद सोडून निघून गेली होती, कारण इव्हो पोगोरेलिच या स्पर्धकाला अंतिम फेरीत घेतलं नाही. ती आर्गेरिच होती. आपण निघून गेलो तर आयोजक दुसऱ्या कोणाची सही घेऊन मोकळा होतो. वेगळं मत असेल तर ते आपल्या गुणपत्रकावर लिहा आणि खाली सही करा. खाडाखोड झाली असेल तर तिथेही सही. बेरीज दोघांनी तपासल्याशिवाय पाकीट बंद करू नका. चुकीच्या बेरजेचा निकाल जाहीर होऊन परत घेतलेला मी पाहिलाय, ती ट्रॉफी परत मागायला कोणी पुढे होईना.

मग "परीक्षकांनी दोन शब्द बोलावेत". दोन शब्द म्हणजे पाच मिनिटं. स्वतः गाऊ नका. गुरूंच्या आठवणी नकोत. नाव घेऊन कोणाच्या चुका सांगू नका, पण चुका सांगा. "आज निम्म्या जणांनी पट्टी स्वतःच्या आवाजाची न घेता मूळ गाण्याची घेतली" असं नेमकं काहीतरी. मुलं ते वहीत लिहून घेतात. अर्धा तास भाषण करून शेवटी तान मारणारे परीक्षक टाळ्या घेऊन जातात आणि पुढच्या वर्षी त्यांना उद्घाटनाला बोलावतात, परीक्षणाला नाही.

पुढची पायरी

शाळा आणि मंडळांच्या दोन-तीन हंगामांनंतर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा येतात. त्यात आपल्याकडची मोठी म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा "युवारंग". तिन्ही जिल्ह्यांची कॉलेजं येतात, आणि तिथले निवडलेले पुढे राज्याच्या "इंद्रधनुष्य" युवक महोत्सवाला आणि पश्चिम विभागाच्या युवक महोत्सवाला जातात. इथे नियम काटेकोर. समूहगायनाला जास्तीत जास्त सहा गायक आणि तीन साथीदार, सुगमला चित्रपटगीत नाही, आणि समूहगायनात गुण फक्त गाण्याला, वेशभूषेला किंवा हातवाऱ्यांना नाही. वेळ ओलांडली की काय करायचं ते नियमपत्रकात वाचूनच बसा, तिथे दया दाखवाल तर दुसऱ्या संघावर अन्याय होतो. अशा ठिकाणी नाव सुचवायला कॉलेजांचे सांस्कृतिक विभागप्रमुख असतात. त्यांना एक पानाचा परिचय आणि तुम्ही भरलेल्या एखाद्या गुणपत्रकाचा नमुना द्या, स्पर्धकाचं नाव झाकून. परिचयपत्रं त्यांच्याकडे ढीगभर येतात, असा नमुना कोणी देत नाही.

दुसरी वाट परीक्षा मंडळांची. तिथे परीक्षक म्हणून बसलात की एकेका मुलाला निवांत ऐकायची सवय लागते, प्रश्न विचारता येतात. स्पर्धेपेक्षा मला तेच काम जास्त आवडतं. तिसरी वाट कार्यशाळांची, आणि पैसे खरं तर तिच्यात आहेत. शेरे वाचून एखादी शाळा म्हणते, "मॅडम, आमच्या मुलांना दोन दिवस शिकवाल का?" तेव्हा मानधन तुम्ही सांगायचं. फक्त त्या शाळेची मुलं पुढच्या स्पर्धेत तुमच्या टेबलासमोर आली की काय करायचं ते वर सांगितलंच आहे.

स्वतःचं गाणं मात्र बंद पडू देऊ नका. जो चार वर्षं मंचावर बसला नाही, त्याला मंचावरच्या मुलाचा कोरडा पडलेला घसा आठवत नाही.

गुणपत्रक आयोजकाकडे देण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, तो कोणाला पाठवायचा नाही, स्वतःपुरता ठेवायचा. घरी आल्यावर त्यातले शेरे एका वहीत उतरवा, तारीख, गाव, गट, नाव. पुढच्या वर्षी तोच मुलगा दुसऱ्या गावच्या स्पर्धेत भेटतो. मागची नोंद स्पर्धेआधी वाचू नका, नाहीतर जुना गुण डोक्यात बसतो. निकाल पाकिटात गेला की मग वही उघडा. गेल्या वर्षी समेला चुकणारी मुलगी यंदा सहज समेवर आली का, ते बघता येतं, आणि भेटली तर सांगताही येतं. माझ्याकडे अशा अकरा वह्या झाल्या आहेत. पहिलीत पहिलं पान यावलच्या एका भुलाबाई स्पर्धेचं आहे. त्याआधीच्या तीन स्पर्धांचं काहीच नाही, त्या 61 गुणांच्या मुलाचं नावही नाही.